लिंडा कार्टर: आधी मुकुट, आधी भूमिका की आधी गाणे?

कोरांटी

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत माझा मुलगा संगणकावर 'फॉलआउट ४' हा खेळ खेळत होता. अणुयुद्धानंतरच्या उद्ध्वस्त बॉस्टनमध्ये, एका बंद पडलेल्या भुयारी रेल्वेस्थानकात बार थाटलेला आहे आणि तिथे चमकीच्या पोशाखातली मॅग्नोलिया नावाची गायिका गात असते. पोळ्या लाटताना तो आवाज कानावर पडला, तेव्हा हे १९४५-५० च्या सुमाराचे एखादे खरेच जुने गाणे असावे असे मला वाटले. मुलाने शोधून सांगितले की आवाज लिंडा कार्टरचा आहे, म्हणजे १९७०च्या दशकातल्या 'वंडर वुमन' या दूरचित्रवाणी मालिकेच्या नायिकेचा, आणि ती गाणीही तिनेच या २०१५ सालच्या खेळासाठी नव्याने लिहिलेली आहेत.

तिच्याविषयी जे थोडेफार वाचले, त्यात सगळीकडे एकच क्रम आढळला: आधी सौंदर्यस्पर्धेची विजेती, मग अभिनेत्री, आणि उतारवयात गायिका-गीतकार. हा क्रम कितपत खरा आहे? दुसरे असे की, ज्या कंपनीने हा खेळ काढला तिच्या मालक-कंपनीचे प्रमुख तिचे पतीच होते, असेही वाचनात आले. मग ही गाणी म्हणजे घरच्या कार्यात घरच्याच मंडळींनी म्हटलेल्या मंगलाष्टकांसारखी समजायची, की त्यांना स्वतःचे काही मोल आहे? आणि मालिका १९७९ मध्ये संपली, तर मधल्या छत्तीस वर्षांत ती काय करत होती? जाणकारांनी सवडीने लिहावे.

तबकडी

कोरांटीताई, आपण वाचलेला क्रम उलटा आहे. मुकुट मिळण्याच्या कितीतरी आधीपासून ती पैसे घेऊन गात होती. सौंदर्यस्पर्धा हा तिच्या गाण्याच्या वाटेवर आलेला फाटा होता आणि त्या फाट्यावरून पुढे जी भूमिका मिळाली, ती एवढी मोठी ठरली की मूळ वाट लोकांना दिसेनाशी झाली.

लिंडाचा जन्म २४ जुलै १९५१ रोजी अ‍ॅरिझोनातल्या फिनिक्स शहरात झाला. आईचे माहेर मेक्सिकन वंशाचे, कॉर्डोव्हा आडनावाचे. पाचव्या वर्षी ती स्थानिक दूरचित्रवाणीवरच्या बालकलाकारांच्या कार्यक्रमात गायली आणि पंधराव्या वर्षी शेजारच्या टेंपी गावातल्या एका पिझ्झाच्या दुकानात शनिवार-रविवारी गाऊ लागली. बिदागी दोन दिवसांचे मिळून पंचवीस डॉलर. पुढच्याच वर्षी दोन चुलत-मावस भावंडांबरोबर तिचा एक वाद्यवृंद झाला. त्यात ढोल-ताशाची बाजू, म्हणजे ड्रम, गॅरी बर्गॉफ सांभाळत असे. हाच पुढे 'मॅश' या गाजलेल्या मालिकेतला रडार म्हणून घराघरांत पोचला. या मंडळींना लास व्हेगासच्या सहारा हॉटेलात तीन महिन्यांचे काम मिळाले, पण एकवीस वर्षांखालच्या मुलीला जुगाराच्या दालनातून जाण्याची कायद्याने बंदी असल्यामुळे आपल्याच कार्यक्रमाला ही गायिका रोज स्वयंपाकघराच्या दाराने आत जात असे.

अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठात प्रवेश घेतला होता, तो गाण्यासाठी सोडला. १९७० च्या सुमारास ती 'गारफिन गॅदरिंग' नावाच्या वाद्यवृंदात होती. त्यांचा पहिला कार्यक्रम सॅन फ्रान्सिस्कोतल्या इतक्या नव्या हॉटेलात लागला की इमारतीला रस्त्याकडून यायचे दारही अजून झालेले नव्हते. श्रोते म्हणजे झाडूवाले आणि तळघरात मोटार लावून वर आलेले मूठभर पाहुणे. हे सगळे करून, पदरी फारसे काही न पडता, ती १९७२ मध्ये घरी परतली आणि त्यानंतर स्पर्धेत उतरली. तेव्हा ती एकवीस वर्षांची होती आणि व्यावसायिक गाण्याची पाच-सहा वर्षे तिच्या मागे होती.

तिला 'गाऊ लागलेली सौंदर्यवती' म्हणण्यापेक्षा 'वाद्यवृंदातून परतल्यावर स्पर्धेत उतरलेली गायिका' म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल.

पारावरचा

तबकडी यांनी सांगितलेला क्रम मान्य. तरीही कोरांटीताईंच्या दुसऱ्या प्रश्नाला कोणी बगल देऊ नये, कारण तो रास्त आहे.

लिंडाने १९८४ मध्ये वॉशिंग्टनमधले वकील रॉबर्ट ऑल्टमन यांच्याशी विवाह केला. ऑल्टमन हे १९९९ मध्ये स्थापन झालेल्या झेनिमॅक्स मीडियाचे संस्थापकांपैकी एक आणि अखेरपर्यंत प्रमुख. 'फॉलआउट' आणि 'एल्डर स्क्रोल्स' काढणारी बेथेस्डा ही झेनिमॅक्सच्याच छत्राखालची. २००२ सालच्या 'मॉरोविंड'पासून तिचा आवाज या कंपनीच्या खेळांत ऐकू येतो. दार घरातलेच होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. एखाद्या अनोळखी गायिकेला तीच संधी मिळाली असती का, याचे उत्तर मला तरी 'नाही' असेच दिसते.

मात्र दोन गोष्टी याच तराजूत घालायला हव्यात. बेथेस्डाने आपल्या खेळांसाठी पॅट्रिक स्ट्यूअर्ट, लियम नीसन, मॅक्स फॉन सिडो अशा नटांचे आवाज घेतलेले आहेत. मालकाच्या पत्नीला त्या रांगेत उभे राहायचे होते. दुसरे म्हणजे पात्राला आवाज देणे वेगळे आणि पाच नवी गाणी रचणे वेगळे. वशिल्याने ध्वनिमुद्रणाच्या खोलीपर्यंत पोचता येते, पण चाल तिथे आपोआप सुचत नाही.

बकुळफूल

स्पर्धेविषयी थोडे लिहिते, कारण हा भाग सहसा एका वाक्यात उरकला जातो आणि त्यामुळे तो गोडच असणार असा समज होतो.

१९७२ मध्ये ती अ‍ॅरिझोनाची प्रतिनिधी म्हणून 'मिस वर्ल्ड यूएसए' झाली आणि त्या डिसेंबरात लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये मिस वर्ल्डच्या उपांत्य फेरीपर्यंत पोचली. जिंकली ती ऑस्ट्रेलियाची बेलिंडा ग्रीन. याच सभागृहात दोन वर्षांपूर्वी, १९७० मध्ये, स्त्रीमुक्तीवादी तरुणींनी स्पर्धा चालू असताना पिठाच्या पिशव्या फेकून सूत्रसंचालक बॉब होपला व्यासपीठ सोडायला लावले होते. म्हणजे लिंडा ज्या काळात त्या मंचावर उभी राहिली, तेव्हा या मुकुटाकडे जगाची नजर संशयाची झालेली होती आणि स्पर्धक मुलींनाही त्याची जाणीव नव्हती असे म्हणता येणार नाही. पुढे मुलाखतींत तिने या साऱ्या प्रकारात एक क्रौर्य असते असे स्वच्छ सांगितले आहे. 'त्या मुकुटाने माझे आयुष्य उजळले' वगैरे भाषा तिच्याकडून आलेली नाही.

या संदर्भात आपल्या रीटा फारिया आठवतात. मुंबईत वाढलेल्या, गोमंतकीय कुटुंबातल्या आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकणाऱ्या रीटा १९६६ मध्ये मिस वर्ल्ड झाल्या. वर्षभराचे बंधन संपताच चित्रपट-जाहिरातींना नकार देऊन त्यांनी लंडनमध्ये वैद्यकीय शिक्षण पुरे केले आणि डॉक्टर म्हणून आयुष्य काढले. रीटांकडे परतायला एक पक्की वाट होती, प्रवेश घेतलेले शिक्षण होते. लिंडाकडे परतायला काय होते? मागे पडलेला वाद्यवृंद आणि सोडलेले विद्यापीठ. म्हणून मुकुटाने उघडलेले दार तिने वापरले, अभिनयाचे वर्ग केले आणि लॉस एंजेलिसमध्ये चाचण्या देत राहिली. मला यात लोभापेक्षा निरुपाय जास्त दिसतो.

गावकुसाबाहेर

आपल्या नूतन यांचेही उदाहरण इथे बसते. १९५२ मध्ये त्या 'मिस मसूरी' झाल्या होत्या आणि 'छबिली'मध्ये स्नेहल भाटकरांच्या संगीतात स्वतःच्या आवाजात गायल्याही होत्या.

कोरांटी

नूतन यांच्यासाठी वेगळा धागा काढावा लागेल आणि मी तो नक्की वाचेन, पण इथे लिंडाबाईंवरच राहू या. बकुळफूल, 'निरुपाय' हा शब्द फार नेमका वाटला. आता मालिकेविषयी आणि त्यानंतरच्या काळाविषयी कोणी लिहील का? शिवाय 'गीतकार' हा शब्द तिच्या बाबतीत नेमका कोणत्या अर्थाने घ्यायचा, हेही कळले तर बरे होईल.

तबकडी

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तिथे आपल्या भाषेमुळे थोडी गफलत होते. आपल्याकडे गीतकार शब्द लिहितो, संगीतकार चाल बांधतो आणि गायक गातो. तिघांची नावे तबकडीवर वेगवेगळी छापली जातात. अमेरिकेत 'साँगरायटर' म्हटले की शब्द आणि चाल दोन्ही त्यात येतात, आणि बऱ्याचदा दोघे-तिघे पियानोभोवती बसून एकत्रच गाणे घडवतात, त्यामुळे कोणती ओळ कोणाची हे वेगळे काढता येत नाही. लिंडा गीतकार आहे ती या अर्थाने. 'फॉलआउट'ची गाणी तिने नॅशव्हिलचे पियानोवादक आणि गीतकार जॉन जार्व्हिस यांच्या साथीने केली. एकटीने कागद-पेन्सिल घेऊन बसणारी कवयित्री असे चित्र डोळ्यांपुढे आणले, तर ते चुकेल.

आता मालिका. डीसी कॉमिक्सच्या या नायिकेवर १९७४ मध्ये एक दूरचित्रपट येऊन गेला होता, त्यात कॅथी ली क्रॉस्बी होती. तो फारसा चालला नाही. दुसऱ्या प्रयत्नासाठी निवड चालू असताना लिंडाची शिल्लक संपत आलेली होती आणि ती अ‍ॅरिझोनाला परतण्याच्या बेतात होती, तेवढ्यात भूमिका तिला मिळाल्याचा निरोप आला. ७ नोव्हेंबर १९७५ रोजी एबीसी वाहिनीवर पहिला भाग झाला. पहिल्या पर्वाची गोष्ट दुसऱ्या महायुद्धात घडते. मग मालिका सीबीएसकडे गेली, कथा एकदम १९७०च्या दशकात आली आणि १९७९ मध्ये ती संपली. सामान्य डायना प्रिन्सने गिरकी घेऊन वंडर वुमन होणे, ही जी खूण पुढे जगभरच्या मुलींनी अंगणात फिरून फिरून गिरवली, ती कल्पना लिंडाचीच होती. रूपांतर दाखवायचे कसे यावर घोळ चालला असताना तिने गिरकी सुचवली. मंचावर वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या मुलीलाच हे सुचावे, असे मला वाटते. पण हा माझा तर्क आहे, पुरावा नव्हे.

मालिका ऐन भरात असताना, १९७८ मध्ये, तिची 'पोर्ट्रेट' ही ध्वनिमुद्रिका निघाली आणि तिच्यातल्या काही गाण्यांच्या श्रेयात लिंडाचे नाव आहे. म्हणजे गीतकार म्हणून तिची नोंद 'फॉलआउट'च्या सदतीस वर्षे आधीची आहे! गंमत पाहा, मालिकेच्या अखेरच्या पर्वात एका भागाचे कथानकच ध्वनिमुद्रण-व्यवसायाभोवती रचले होते. त्यात डायना प्रिन्स वेषांतर करून गायिका होते आणि 'पोर्ट्रेट'मधली गाणी गाते. आपली ध्वनिमुद्रिका आपल्याच मालिकेत वाजवून घेण्याचा हा प्रकार होता, आणि तरीही ती चालली नाही. प्रेक्षकांना लाल-निळ्या पोशाखातली नायिका हवी होती; तिच्या तोंडचे प्रेमगीत त्यांना मध्यंतरासारखेच वाटले असणार.

पारावरचा

वरील माहितीला जोड देतो आणि मधली वर्षे भरून काढतो.

१९८० ते १९८४ या काळात तिचे नृत्य-गाण्याचे पाच विशेष कार्यक्रम दूरचित्रवाणीवर झाले. हे ध्यानात घेतले तर मालिका संपताच तिने मोर्चा गाण्याकडेच वळवला होता हे दिसते. १९८३ मध्ये तिने हॉलिवूडची जुनी अभिनेत्री रिटा हेवर्थ हिच्या जीवनावरच्या दूरचित्रपटात हेवर्थची भूमिका केली. हेवर्थचे मूळ नाव मार्गारिटा कान्सिनो; स्पॅनिश मूळ झाकून तिला 'अमेरिकन' रूप देण्यात आले होते. आईच्या बाजूने मेक्सिकन असलेल्या लिंडा कार्टरने ही भूमिका करावी, यात निर्मात्यांचा काही विचार असो वा नसो, मला तो योग फार बोलका वाटतो.

मग विवाह, वॉशिंग्टनजवळचे मेरिलँडमधले घर, दोन मुले, आणि १९९१ मध्ये आभाळ कोसळले. त्या वर्षी बीसीसीआय ही आंतरराष्ट्रीय बँक बुडाली. जुन्या मंडळींना हे नाव आठवेल, कारण तिची एक शाखा मुंबईतही होती आणि ती पुढे स्टेट बँकेने ताब्यात घेतली. त्या बँकेने अमेरिकेतली एक मोठी बँक गुप्तपणे गिळल्याच्या प्रकरणात ऑल्टमन आणि त्यांचे ज्येष्ठ भागीदार, माजी संरक्षणमंत्री क्लार्क क्लिफर्ड, यांच्यावर १९९२ मध्ये आरोप ठेवले गेले. १९९३ मध्ये न्यूयॉर्कला खटला महिनोन्महिने चालला. लिंडा पतीसोबत न्यायालयात येऊन बसत असे आणि वृत्तपत्रांना तिचे छायाचित्र छापायला निमित्त मिळत असे. ऑगस्ट १९९३ मध्ये ज्युरीने ऑल्टमन यांना निर्दोष सोडले. याच दशकात तिचे दारूचे व्यसन वाढले, तिने उपचार घेतले, आणि पुढे ते लपवून न ठेवता जाहीर सांगितले. त्या वर्षांत गाणे जवळजवळ नाहीच. मुलाबाळांचे घर, खटला आणि व्यसन यांतून वाट काढणाऱ्या बाईने ध्वनिमुद्रिका का काढल्या नाहीत, हे विचारण्यात काही हशील नाही.

परतीचा रस्ता रंगभूमीवरून आला. २००५ मध्ये लंडनच्या वेस्ट एंडमध्ये 'शिकागो' या संगीतिकेत तिने तुरुंगाधिकारी मामा मॉर्टनची भूमिका केली. त्यानंतर स्वतःचा वाद्यवृंद घेऊन ती पुन्हा गावोगाव मैफली करू लागली. २००९ आणि २०११ मध्ये दोन ध्वनिमुद्रिका निघाल्या. मात्र त्यांत भर आहे तो इतरांच्या, पूर्वीच लोकप्रिय झालेल्या जॅझ-ब्लूज गाण्यांवर. आवाज खालच्या पट्टीत उतरलेला, थोडा घोगरा, आणि माझ्या कानाला १९७८ पेक्षा कितीतरी अधिक रुचणारा.

बकुळफूल

पारावरचा, तुमचे शेवटचे वाक्य मला महत्त्वाचे वाटते आणि त्याचाच धागा पुढे नेते.

'फॉलआउट ४' माझी भाची खेळते, म्हणून तो मी शेजारी बसून पाहिलेला आहे. खेळाडू हातातल्या यंत्रावर रेडिओ लावून फिरतो. त्या रेडिओवर इंक स्पॉट्स, बिली हॉलिडे यांच्यासारख्या कलावंतांची १९४०-५० च्या दशकांतली खरी गाणी लागतात, आणि त्यांच्याच मधोमध मॅग्नोलियाची ही नवी गाणीही लागतात. लिहिणाऱ्यापुढची अडचण लक्षात घ्या: गाणे २०१५ मध्ये लिहायचे, ते बिली हॉलिडेच्या शेजारी वाजताना खटकता कामा नये, आणि ते गाणारी बाई २२८७ सालच्या उजाड बॉस्टनमधली बारगायिका वाटली पाहिजे. कोरांटीताई, पोळ्या लाटताना तुमची फसगत झाली, हाच त्या रचनेचा दाखला धरायला हरकत नाही.

दुसरी खुबी शब्दांची. पाचांपैकी एका गाण्याचे नाव, मॅग्नोलियाचा बार खेळातल्या ज्या वस्तीत आहे, तिच्या नावावरच श्लेष करते. दुसऱ्या एका गाण्यात गायिका, तू जिला शोधतो आहेस ती मीच, असे समोरच्याला सांगते. बारमध्ये बसलेल्याला ते साधे लाडिक आमंत्रण वाटते. पण खेळाचा नायक किंवा नायिका पहिल्यापासून आपल्या पळवून नेलेल्या तान्ह्या मुलाच्या शोधात भटकते आहे, हे ठाऊक असलेल्या खेळाडूला ती ओळ दोन पावले मागे ओढते. हा अर्थ लिहिणाऱ्यांच्या मनात होताच, असा माझा दावा नाही. माझ्या भाचीने मात्र तिथे खेळ थांबवून ते गाणे पुन्हा ऐकले.

'पोर्ट्रेट' मधल्या आणि इथल्या गाण्यांत फरक कशाने पडला असेल, याचा मी विचार करत होते. १९७८ मध्ये लिंडा कार्टर म्हणून गाताना तिच्या चेहऱ्यावरून वंडर वुमन पुसली जात नव्हती. ऐकणारा आधी तिला पाहत असे. खेळात तिचा चेहराच नाही. मॅग्नोलिया संगणकाने रेखाटलेली कोणी दुसरीच बाई आहे, आणि चौसष्ट वर्षांच्या लिंडाचा तेथे केवळ आवाज आणि शब्द आहेत. सौंदर्यस्पर्धेत उतरल्यापासून पहिल्यांदाच, आणि तेही पतीच्या कंपनीच्या खेळात, तिचे गाणे तिच्या रूपाआधी लोकांपर्यंत पोचले.

तबकडी

बकुळफूल, 'पहिल्यांदाच' याला माझी एक हरकत: टेंपीच्या पिझ्झाच्या दुकानातले गिऱ्हाईक तिला पाहतच होते, पण तिथेही ती बिदागी गाण्याचीच घेत होती. बाकी आपले विवेचन पटले.

एक शेवटची भर. रॉबर्ट ऑल्टमन ३ फेब्रुवारी २०२१ रोजी वारले. झेनिमॅक्स साडेसात अब्ज डॉलरना मायक्रोसॉफ्टला विकण्याचा करार त्यांच्या हयातीत झाला होता, तो पुढच्या महिन्यात पुरा झाला. त्याच वर्षी शरदात लिंडाचे एक स्वतंत्र गाणे प्रसिद्ध झाले, ते पतीच्या वियोगाचे आहे. आता 'मालकाची पत्नी' हा आक्षेप त्याला लागू होत नाही, कारण मालक नव्हता आणि खेळही नव्हता. मुलगी जेसिका वकील असून तीही गाते.

कोरांटीताई, ऐकायचेच असेल तर आधी मॅग्नोलियाची पाच ऐका, मग हे २०२१ चे, आणि 'पोर्ट्रेट' सगळ्यांत शेवटी.

कोरांटी

सर्वांचे आभार. काल रात्री तबकडी यांनी सांगितलेल्या क्रमानेच ऐकले. २०२१ चे गाणे दोनदा लावले. मुलगा म्हणाला, "आई, ही तर मॅग्नोलिया आहे," आणि मी त्याला टेंपीच्या पिझ्झाच्या दुकानाची गोष्ट सांगितली. त्याला त्यातले पंचवीस डॉलर फार कमी वाटले. 'पोर्ट्रेट' अजून ऐकायची आहे.